पंखे फिरतात, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, देवरुखला राहते. घरात २०१२ साली सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १० वर चालतो. जूनच्या सुरुवातीला लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेले ती गणपतीच्या आठ दिवस आधी परतले. एरवी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण चालूच असतं, पण जाताना मेन स्विचच बंद करून गेले होते. आल्यावर लावला तर पंखे फिरतात, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. आतून थांबून थांबून लांब ‘टूं... टूं...’ असा आवाज. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर एकदा अक्षरं आली. तारीख-वेळ ठरवलेली नाही, एफ १ दाबा, असं काहीसं इंग्रजीत होतं. दाबलं. विंडोजची खूण आली, मग निळा पडदा, त्यावर रडका चेहरा, आणि आपणच पुन्हा सुरू. निळ्या पडद्यावरचे शब्द वहीत उतरवून ठेवलेत : ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. बाजारातल्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने दहा मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड तरी गेलाय नाहीतर विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डिस्कचा ‘डी’ भाग तसाच ठेवतो. मी तसाच उचलून घरी आणला. माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर सहा वर्षं इथल्या देवरायांमधल्या झाडांच्या नोंदी मराठीत टाइप केल्या, त्या यातच आहेत. ते आता नाहीत. काय करू?

उत्तर :

बाई (शिक्षिकेला दुसरी हाक मला जमत नाही), तुम्ही दोन गोष्टी फार चांगल्या केल्यात. डबा परत घरी आणलात, आणि निळ्या पडद्यावरचे शब्द वहीत उतरवलेत. त्या तीन शब्दांवरून मला जेवढं कळलं तेवढं डबा समोर असतानाही त्या दुकानातल्या मुलाला कळलं नाही, कारण त्याने बहुधा ते वाचलेच नाहीत.

आधी एक काम करा. कॉम्प्युटरला आता पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. ‘एकदा लागला होता, परत लागेल’ या आशेने माणूस बटण दाबत राहतो, आणि विंडोज अर्ध्यावर असताना सारखी वीज तोडली की चांगल्या डिस्कवरच्या फायलीसुद्धा खराब होऊ शकतात. पिन भिंतीतून काढा आणि शांत बसा. यजमानांच्या नोंदी बहुतेक जशाच्या तशा आहेत. ‘बहुतेक’ हा शब्द मी जपून वापरतोय, पण तुमच्या पत्रात डिस्क मेल्याचं एकही लक्षण नाही. मरणारी हार्ड डिस्क टक्-टक्-टक् असा ठोका देते किंवा खरखरते. तसा आवाज तुम्ही लिहिलेला नाही.

दुरुस्तीला बसलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, ‘काय बिघडलं?’ मी विचारतो, ‘कुठपर्यंत पोचला?’ बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत बरंच काही एकामागून एक घडतं. मागचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना चालेल अशी करणारी पेटी, वीज देतो. मदरबोर्डवरच्या (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती पाटी) एका चिपमधला छोटा प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात, तो जागा होतो आणि हजेरी घेतो : रॅम (चालू कामापुरती स्मृती) आहे का, ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग) आहे का, कीबोर्ड आहे का. हजेरी नीट झाली की तो डिस्क शोधतो आणि कारभार विंडोजच्या हातात देतो. जिथे गाडी अडते तिथेच दुखणं.

तुमची गाडी दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडलीये. कधी हजेरीतच (काळी स्क्रीन आणि टूं टूं), तर कधी हजेरी पार करून डिस्क ताब्यात देताना (निळा पडदा). म्हणजे दुखणी दोन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे दुकानात ‘मदरबोर्ड तरी नाहीतर विंडोज तरी’ असं मोघम निदान झालं. माझ्या मते मदरबोर्ड धडधाकट आहे. तो नसता तर एकदाही अक्षरं आली नसती असं नाही, पण टूं टूं करून तक्रार सांगणारा बोर्ड सहसा मेलेला नसतो. मेलेले गप्प असतात.

दोन्ही दुखण्यांचं मूळ मात्र त्याच तीन महिन्यांत : कोकणातला पाऊस आणि बंद मेन स्विच.

पहिलं दुखणं रॅमचं. थांबून थांबून येणारा लांब टूं बहुतेक बोर्डांवर ‘रॅम सापडत नाही’ याचा असतो. (एक लांब आणि मागोमाग दोन-तीन छोटे आले असते तर मी ग्राफिक्सकडे बोट दाखवलं असतं.) रॅम म्हणजे वीतभरही नसलेली हिरवी पट्टी, खाली सोनेरी दातांची रांग. रोज वापरातला कॉम्प्युटर आतून गरम होत राहतो, त्यामुळे दमट हवा टिकत नाही. तुमचा तीन महिने थंड पडून होता, तोही देवरुखच्या आषाढ-श्रावणात, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या दातांवर आणि खाचेत अगदी पातळ थर धरतो, डोळ्यांना दिसतही नाही, आणि जोड कधी लागतो कधी लागत नाही. म्हणून तर चार-पाच प्रयत्नांत एकदा लागला.

यावरचा इलाज तुमच्या कंपासपेटीत आहे : खोडरबर.

पिन भिंतीतून काढलेली असताना पुढचं सुरू करण्याचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाईल. डबा जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवा. समोरून पाहताना डाव्या हाताचं पान, म्हणजे बाजूचा पत्रा, मागच्या दोन स्क्रूंनी लावलेलं असतं, ते काढून मागे सरकवा. आत पाहिल्यावर दचकू नका, धूळ असेल. पालीची अंडी असली तरी नवल नाही. मी एकदा संगमेश्वरच्या एका घरातल्या डब्यात आख्खी पाल पाहिलीये, वाळून पापडासारखी झालेली. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात आणि तेच उद्याचा गंज होतात. रंगाचा नवा, कोरडा ब्रश घ्या.

आता हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली काढा, एक विजेची रुंद आणि एक माहितीची अरुंद. डिस्क चार स्क्रूंवर असते. ती बाहेर काढून कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा. पुढचं काम तिच्याशिवाय होतं. तुमच्या मनावरचं ओझंही उतरेल, कारण यापुढे तुमच्या हातून काहीही चुकलं तरी नोंदी कपाटात सुरक्षित.

डब्याच्या उघड्या लोखंडी भागाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅमच्या खाचेच्या टोकांना पांढऱ्या किंवा काळ्या कळा असतात, त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की पट्टी आपोआप वर उचकते. काही बोर्डांवर कळ एकाच टोकाला असते. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका, घामातलं मीठ लागतं. मऊ पांढरं खोडरबर घ्या, शाई खोडायचं खरखरीत नको. दातांवरून दोन्ही बाजूंनी हलकेच आठ-दहा वेळा फिरवा. रबरावर काळपट रेघ उमटेल, तीच तुमची गुन्हेगार. कोरड्या सुती फडक्याने चुरा पुसा. खाचेतून ब्रश फिरवा. पट्टीच्या खाली मध्याच्या जरा बाजूला एक खाच असते, त्यामुळे ती एकाच दिशेने बसते. बसत नसेल तर उलटी करा, जोर करू नका. नीट बसली की कळा ‘टक्’ करून स्वतःच मिटतात. तो आवाज ऐकल्याशिवाय समाधान मानू नका. निम्म्या तक्रारी अर्धवट बसवलेल्या रॅमच्या असतात, आणि त्या मीही केलेल्या आहेत.

पट्ट्या दोन असतील तर आधी एकच लावून पाहा. ती चालली नाही तर दुसरी, नाहीतर दुसरी खाच. शुद्धतावादी सांगतील की रबराने सोन्याचा मुलामा झिजतो. दर आठवड्याला घासलं तर झिजेल. तुम्ही बारा-तेरा वर्षांतून एकदा घासताय.

डबा उघडा असतानाच दुसऱ्या दुखण्याचं मूळ काढून टाका. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा गोल सेल दिसेल. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे किंवा स्टेशनरीच्या दुकानातही पन्नासेक रुपयांत मिळतो. पुष्कळ वजनकाट्यांत आणि गाड्यांच्या रिमोटमध्ये हाच असतो. बाजूची छोटी पत्री नखाने किंवा बारीक पेचकसाने दाबली की तो वर येतो. नवा बसवताना अक्षरांची, अधिक चिन्हाची बाजू वर.

याचं काम काय? कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसमध्ये केलेल्या निवडी लक्षात ठेवणं. भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून बोर्डाला बारीकशी वीज मिळत राहते, आणि सेलला काम पडत नाही. म्हणून तुमचा बारा-तेरा वर्षांचा थकलेला सेल आजवर झाकून गेला. जूनमध्ये तुम्ही मेन स्विच बंद केलात आणि सगळा भार त्याच्यावर आला. दोन-तीन आठवड्यांत संपला असेल. तो संपला की बायोस सगळं विसरतो : तारीख बोर्ड कारखान्यातून निघाला त्या काळात जाते, म्हणून ‘तारीख ठरवलेली नाही, एफ १ दाबा’, आणि बाकीच्या निवडीही कारखान्यातल्या मूळ ठिकाणी जातात. खरी मेख या दुसऱ्यात आहे.

डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती त्या काळच्या बोर्डांत असत : जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. २०१२ च्या सुमाराचे बरेच बोर्ड कारखान्यातून आयडीईवर ठरवून येत, आणि जुळवणारा जाणकार असेल तर तो विंडोज घालण्याआधी एएचसीआय करून ठेवी. विंडोज ज्या पद्धतीवर घातलं जातं तिचीच तयारी ठेवून उठतं. तुमच्या बायोसने ती निवड विसरून पुन्हा आयडीई धरली असेल, तर विंडोज अर्धं जागं होतं, डिस्ककडे हात करतं आणि गोंधळतं. दप्तर जागच्या जागी आहे, पण ते मोडीत लिहिलेलं आणि नवा कारकून मोडी न शिकलेला. तेव्हा तो निळा पडदा टाकून म्हणतो, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस : ज्याच्यावरून सुरू व्हायचं तिथे मला पोचताच येत नाहीये. डिस्क नाही असं तो म्हणत नाही, विंडोज उडालं असंही म्हणत नाही.

याच संदेशाला दुसरी कारणं असू शकतात, पण तारीख पुसल्यानंतर लगेच हा संदेश आला म्हणजे माझी पैज याच्यावर.

तर रॅम आणि सेल झाल्यावर डिस्क पुन्हा जोडा, पान लावायची घाई नको, पिन लावा. बटण दाबल्याबरोबर कीबोर्डवरचं ‘डिलीट’ टकटक दाबत राहा. जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक हीच कळ असते. नाही लागली तर एफ २. निळा किंवा करडा इंग्रजी पडदा येईल, तो बायोस. आधी तारीख-वेळ बरोबर करा. मग ‘साटा मोड’ किंवा ‘साटा कॉन्फिगरेशन’ नावाची ओळ शोधा (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी केबल आणि तिची पद्धत). ती मुख्य पानावर नसेल तर ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ यात असते. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. तिथे आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. एफ १० दाबून साठवा. या बदलाने डिस्कवरचं अक्षरही हलत नाही; निवड चुकली तर पुन्हा निळा पडदा येईल आणि तुम्ही ती परत फिरवाल, एवढंच.

(हे वाचून कुणी आपल्या नव्या लॅपटॉपचा बायोस उघडायला बसला असेल, तर थांबा. त्यात बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर असल्या बदलानंतर तो ४८ आकड्यांची किल्ली मागतो, आणि ती हाताशी नसेल तर आपल्याच फायलींबाहेर उभं राहायची पाळी येते. बाईंच्या जुन्या डेस्कटॉपला हा धोका जवळपास नाही.)

मधल्या काळात विंडोज सलग दोन-तीनदा अडखळल्यामुळे ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ नावाचा पडदा दाखवेल. त्यातलं ‘स्टार्टअप रिपेअर’ निरुपद्रवी आहे, चालवलं तरी चालेल. ‘रीसेट धिस पीसी’ला मात्र बोट लावू नका, कितीही आर्जवाने विचारलं तरी.

आता त्या ‘फॉरमॅट मारतो’बद्दल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालण्याबद्दल. तो मुलगा लबाड आहे असं मी म्हणणार नाही. दिवसाला पंधरा डबे येतात, प्रत्येकाचे तीनशे-पाचशे मिळतात, त्यात बायोसमधली विसरलेली निवड शोधत बसणं त्याला परवडत नाही. फॉरमॅट मारला की निम्मे डबे चालू होतात, हा त्याचा अनुभव. आणि गंमत म्हणजे तुमचाही झाला असता! आयडीईवर नवं विंडोज घातलं असतं तर ते आयडीई शिकूनच उठलं असतं, कॉम्प्युटर छान चालला असता, आणि फॉरमॅटची गरजच नव्हती हे कुणालाही कधीच कळलं नसतं. ‘उपाय लागू पडला’ म्हणून निदान बरोबर ठरतं, असल्या दुरुस्त्या आपल्याकडे रोज होतात.

‘डी तसाच ठेवतो’ या आश्वासनातली पोकळी तर त्याहून मोठी. डेस्कटॉपवर दिसणारे फोल्डर, ‘माय डॉक्युमेंट्स’, डाउनलोड, फोटो, हे सगळं सी ड्राइव्हमध्ये, म्हणजे डिस्कच्या विंडोज असलेल्या भागात, असतं. डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा नाही, सीमधलाच एक फोल्डर. यजमान तुमच्या पिढीतले असतील तर माझा अंदाज, नोंदी डेस्कटॉपवरच असणार, हाताशी हव्यात म्हणून. डी तसाच राहिला असता आणि नोंदी गेल्या असत्या.

म्हणून कॉम्प्युटर लागला की पहिलं काम नोंदी बाहेर काढणं. पेन ड्राइव्हवर एक प्रत, शिवाय लेकीच्या लॅपटॉपवर एक. आणि एवढ्या खटपटीनंतरही तो लागलाच नाही, तरी नोंदींसाठी कॉम्प्युटर चालू होण्याची गरज नाही. डिस्क काढा, साटा ते यूएसबी अशी केबल मिळते ती घ्या, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी लावा. केबल घेताना स्वतःचा अडॅप्टर असलेलीच मागा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते नुसत्या यूएसबीतून मिळत नाहीत. उघडल्यावर ‘युजर्स’ नावाच्या फोल्डरात यजमानांच्या नावाचा फोल्डर दिसेल. परवानगी नाही असं म्हणाला तर ‘कंटिन्यू’ दाबा. ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर मात्र नाही म्हणा आणि तिथेच थांबा. मग डिस्क जाणकाराकडेच द्या.

दुकानात पुन्हा जावं लागलंच तर डिस्क घरी ठेवून डबा न्या. रॅम, बोर्ड, एसएमपीएस तपासायला डिस्क लागत नाही. आणि ‘बोर्ड गेला’ असं कुणी म्हणालं तर भांडू नका, फक्त ‘कशावरून?’ विचारा. दुसरा रॅम, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला असेल तर तो नीट सांगेल. एसएमपीएस कुणालाही घरी उघडू देऊ नका. २३० व्होल्टची वीज आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहते. जुन्या एसएमपीएसच्या मागे एक छोटा लाल स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. धूळ पुसताना तो हलवू नका. हलवून पिन लावली तर मोठा आवाज येतो. कसं कळलं ते विचारू नका.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि २०१२ चा डबा विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. त्यामुळे लिहिण्या-वाचण्यासाठी खुशाल ठेवा, बँकेची कामं मात्र त्यावर करू नका.

आणि आता तुम्ही विचारलं नाहीत तो मुद्दा. नोंदी मराठीत टाइप केलेल्या आहेत, पण कशात? यजमानांनी श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात केल्या असतील तर ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. लोक घाबरतात, फाइल खराब झाली म्हणून टाकून देतात. ती खराब नसते. त्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला चढवलेला मुखवटा. मुखवटा नसेल तर आतलं इंग्रजीच दिसणार. म्हणून फायलींबरोबर सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही उतरवून घ्या. फॉरमॅटमध्ये पहिल्या झटक्यात जातो तो हाच, आणि त्याचा विचार कुणी करत नाही. नंतर कधी युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) रूपांतर करून घेता येईल, म्हणजे मोबाइलवरही वाचता येईल. पण रूपांतर करणाऱ्याच्या हाती जोडाक्षरं आणि रफार घसरतात, आणि झाडांची नावं त्याला ओळखीची नसणार. ते तपासायला तुम्हीच बसा.

सेल बदलल्यावर एक रात्र पिन काढून ठेवा आणि सकाळी तारीख टिकली का ते पाहा. टिकली नाही तर बायोसच्या पडद्याचा तो फोटो मला पाठवा.